शितांनी चिकटवलेली दोन पाने

मित्रांनो, एका गोऱ्या फुटबॉलपटूचे मी जुने आत्मचरित्र. माझा निळा कापडी पुठ्ठा आता विटला आहे, शिवण ढिली झाली आहे. माझी एकशे छत्तीस आणि एकशे सदतीस ही समोरासमोरची दोन पाने तुम्हाला वाचता येणार नाहीत. आता ती कुणालाच वाचता येणार नाहीत. माझ्या साऱ्या जन्माची रड त्या दोन पानांत आहे, म्हणून आधीच सांगून टाकले.

विलायतेतल्या एका धुरकट गावात १९२४ साली मी छापला गेलो. मला लिहिणारा माणूस पंधरा वर्षे पगार घेऊन फुटबॉल खेळला होता. पण त्याने स्वतःचे पोवाडे गायले नाहीत. सामन्याआधी आपल्याला भीतीने ओकारी व्हायची, हे त्याने लिहिले. दारू पिऊन मैदानात उतरलो, हेही लिहिले. इतके खरे बोलणारे पुस्तक दिवाणखान्यात कोण मांडून ठेवणार? गोदीतल्या एका इंजिनियर साहेबाबरोबर मी मुंबईला आलो. त्याने मला अर्धे वाचले आणि परत जाताना टाकून दिले. जुन्या बाजारात धूळ खात पडलो होतो, तिथून मला बाळाजीने उचलले. पुठ्ठ्यावर चेंडू मारणाऱ्या माणसाचे चित्र होते, तेवढ्यावर त्याने मला घेतले. आत काय आहे ते त्याने पाहिले नाही. पाहिले असते, तर मी अजून तिथेच पडून असतो.

बाळाजी मूळचा श्रीवर्धनचा. इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेला, गोदीतल्या एका कंपनीत कारकून. १९३२ च्या चैत्रात तो रजेवर निघाला. आगबोटीतून पडावात, म्हणजे उतारूंना नेणाऱ्या होडीत, आणि पडावातून किनाऱ्यावर, असा मीही त्याच्या पिशवीतून उतरलो. घरी जाण्याआधी तो थेट रफिकच्या वाडीत गेला. रफिक त्याचा लहानपणापासूनचा सोबती. पडवीत बसून सुपारी सोलत होता. त्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, तो लाकडासारखा समोर पसरलेला होता.

त्या पायाची हकिकत मला पुढे रफिकची बायको महेरुन्निसा हिच्या तोंडून कळली. दोघे याच किनाऱ्यावर अनवाणी खेळत वाढले. १९२६ साली बाळाजीच्या आताच्या कंपनीचा साहेब खेळाडू निवडायला आला. जागा एकच होती. पगार, राहायला खोली आणि रोज फुटबॉल! रफिक सगळ्यांत उजवा, तोच निवडला जाणार हे गावाला ठाऊक होते. त्या दिवशी वाळूत सगळे अनवाणी उतरले. फक्त बाळाजीने कुठूनसे जुने बूट मिळवले होते, साहेबावर छाप पडावी म्हणून. खेळ रंगात आला आणि बाळाजीचा बूट रफिकच्या गुडघ्यावर बसला. सगळे म्हणाले, अपघात. रफिकही म्हणाला, "खेळात लागतंच." ती जागा बाळाजीला मिळाली. चार वर्षे तो खेळला आणि मग कारकून झाला. रफिक सुपारी सोलत राहिला.

तर त्या चैत्रात बाळाजी रोज दुपारी पडवीत बसून मला मोठ्याने वाचू लागला. इंग्रजी वाक्य मनात वाचायचे आणि मराठीत सांगायचे. रफिक सोलता सोलता ऐके. ओकारीची गोष्ट आली तेव्हा तो इतका हसला की सुपाऱ्यांची टोपली कलंडली.

"गोरा पण घाबरतो व्हय रे?"

"घाबरतो म्हंजे? चांगला ओकतो!"

"मग आपलं काय चुकलं, बाळ्या? आपण नुस्ते थरथरायचो."

मित्रांनो, तसे दिवस मला पुन्हा दिसले नाहीत. ज्याला माझे एक अक्षर येत नव्हते, त्याच्याइतके मन लावून मला कुणी ऐकले नाही.

आठव्या दिवशी एकशे छत्तिसावे पान आले. बाळाजीने मनात दोन ओळी वाचल्या आणि त्याचा आवाज बंद पडला. ती पाने मला आजही पाठ आहेत. तिथे तो गोरा लिहितो: 'माझ्या जागेवर माझाच मित्र खेळणार होता. चेंडू त्याच्यापासून निघून गेला होता. ते मला दिसत होते. तरी मी पाय मारला. सगळ्यांना अपघात वाटला आणि मी तसेच वाटू दिले.'

बाळाजीचा अंगठा माझ्यावर घामाने ओला झाला.

"थांबलास का?" रफिकने विचारले.

"काय न्हाय. खाण्यापिण्याचं वर्णन हाय नुस्तं." त्याने पान उलटले आणि पुढचे वाचू लागला. रफिकने सुपारी सोलायची थांबवली होती. तो बाळाजीकडे बघत होता.

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. दुसऱ्या दिवशी बाळाजीने महेरुन्निसाकडे शिते मागितली. "भाभी, मूठभर भात द्या. पान सुटलंय." आपल्याकडे पाकीट चिकटवायचे, पतंग चिकटवायचा तर शितेच लागतात, तिला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याने ती शिते कुस्करून माझ्या दोन पानांना आतून फासली आणि तळहाताने दाबली. ओल्या भाताचा तो गारवा मला अजून आठवतो. बांधणी सुटलेली नव्हती, कुठलेही पान फाटलेले नव्हते. मला सांगता आले असते, तर मी ओरडलो असतो.

रजा संपली. मला रफिककडेच ठेवून बाळाजी गेला.

रफिकने माझी जितकी निगा राखली, तितकी माझ्या लेखकानेही राखली नसती. पाऊस सरला की तो मला पडवीत उन्हे दाखवी, पानन् पान उलटी. चिकटलेल्या पानांपाशी आला की थांबे. हाताशी सुरी असे, पण त्याने कधी टोक लावले नाही.

महेरुन्निसा एकदा म्हणाली, "एवढा जीव अडकलाय तर शाळेच्या मास्तरकडून वाचून घ्या की."

"न्हाय," रफिक म्हणाला. "बाळ्याच वाचील."

बाळाजी दर उन्हाळ्यात येई. येताना बिस्किटे आणी, मला पहिल्यापासून वाचून दाखवी आणि एकशे पस्तिसाव्यावरून एकशे अडतिसाव्यावर उडी मारी. रफिक दरवेळी शांतपणे विचारी, "मधलं राहिलं ना?"

"पुढच्या खेपेला."

अशी पाच वर्षे गेली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे तुम्ही म्हणाल. पण इथे राहिले. कारण भाताच्या वासाने माझ्या पोटात कसर शिरली होती. दर पावसाळ्यात ओल आली की ते बारीक किडे शिते खात. शितांबरोबर कागद खात आणि कागदाबरोबर अक्षरे. वरून मी धडधाकट दिसत होतो.

१९३७ च्या वैशाखात बाळाजी आला तो अर्धा होऊन. खोकला थांबत नव्हता. पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट त्याच दुपारी परत निघणार होती, म्हणून तो घरीसुद्धा गेला नाही. पडवीत बसला आणि त्याने आपणहून मला कोनाड्यातून काढले.

"रफिक, ते मधलं वाचतो आज."

रफिकने हातातली सुरी पुसून त्याच्यापुढे धरली. बाळाजीने ती दोन पानांच्या कडेत सरकवली. पाने अलगद सुटली, त्यांत धरून ठेवण्याजोगे काही उरलेच नव्हते. समोर नुसती जाळी होती. तिच्यातून बाळाजीचे धोतर दिसत होते. थोडा पांढरा भुगा त्याच्या मांडीवर सांडला.

बाळाजी बघतच राहिला. आज दुसऱ्याच्या शब्दांआडून बोलायचे त्याने ठरवले होते आणि ते शब्दच राहिले नव्हते.

"कसरीनं खाल्लं रे," तो म्हणाला.

"खाऊ दे. तुला ठाव असंल की काय होतं ते."

बाळाजीचे ओठ हलले. तेवढ्यात खाडीकडून बोटीचा भोंगा वाजला. तो उठला.

"बोट चुकंल माझी."

"बाळ्या, बस जरा. पडाववाला वळखीचा हाय, थांबंल तो."

"येतो नारळी पुनवेनंतर." आणि तो मागे न बघता गेला.

नारळी पौर्णिमेनंतर पहिली बोट आली. रफिक काठी टेकत बंदरापर्यंत गेला होता. बोटीतून बाळाजी उतरला नाही. एका खलाशाने रफिकच्या हातात गाठोडे दिले. आषाढातच बाळाजी तापाने गेला होता. शेवटी एवढेच बोलला म्हणे, की हे श्रीवर्धनला रफिककडे द्या. गाठोड्यात त्या दिवशीचे ते बूट होते, तेल लावून जपलेले. चिठ्ठी नव्हती.

घरी येऊन रफिकने ते मांडीवर घेतले. महेरुन्निसा जवळ बसली तेव्हा तो म्हणाला, "चेंडू माझ्याकडं नव्हताच गं त्या दिवशी. केव्हाच गेलता. मला तवाच कळलं होतं."

"मग एवढी वर्सं बोलला का न्हाय?"

"मी बोलून काय उपेग? मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हणणार होतो, जाऊ दे." मग तो बुटांशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हे कशाला धाडलंस रे, बाळ्या? एक शब्द धाडायचा होतास."

मित्रांनो, पुस्तकाचे पान फाटले तरी ते शितांनी चिकटवू नका. पाऊस सरला की आम्हाला उन्हे दाखवा, मिटून ठेवू नका. आणि कुणाला काही सांगायचे राहिले असेल, तर त्यासाठी माझ्यासारख्याच्या पानांवर भिस्त ठेवू नका. आम्ही फार लवकर खाल्ले जातो.

मी कोनाड्यात आहे, शेजारी बूट आहेत. रफिक अजून पडवीत सुपारी सोलतो. भोंगा वाजला की त्याचा हात थांबतो.