खांब, कडं आणि चावी

बुधवारी सकाळी माझी बायको मंदा भाजी आणायला बाहेर पडली आणि आमचं घर मधल्या खांबाभोवती फिरायला लागलं.

खांब लोखंडी आहे, स्वयंपाकघराच्या मधोमध, बांगडीच्या मापाचा. जमिनीत एक कडं बसवलेलं आहे, त्यातून तो खाली जोत्याच्या पोकळीत आणि तिथून मातीत जातो. खांबाला एक खाच, कड्याला एक खाच, आणि दोन्हींत मिळून एक चौकोनी पोलादी तुकडा. आमच्या लोखंडकामाच्या धंद्यात त्याला चावी म्हणतात. ती बसलेली असली की घर जागचं हलत नाही. मला ती गॅसच्या शेगडीखाली सापडली, दोन तुकड्यांत.

चूक माझीच होती. बावीस वर्षांपूर्वी कड्यातली खाच मीच मारली. शनिवार होता, घरी जायची घाई होती, शेवटचा हात मारायचा राहिला आणि खाच अर्धा मिलिमीटर उथळ झाली. चावी बसेना. मग मी चावीच कानशीनं घासून पातळ केली आणि ठोकून बसवली. कारखान्यात हे सगळेच करतात आणि कुणी कुणाला सांगत नाही. मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मंदा उभी असली की घर उभं राहायचं. ती दाराकडे चालायला लागली की दार पलीकडच्या बाजूला जायचं. ती धावली तर घरही धावायचं, कपाटातली भांडी खणखणायची. खिडकी तिच्याजवळ यायला मात्र घराची हरकत नव्हती. खिडकीला गज होते. मी त्यातून तिला जेवण, कंगवा आणि चादर दिली. मीही बाहेर पडलो असतो तर दोघंही बाहेर राहिलो असतो, म्हणून पडलो नाही. रात्री ती समोरच्या चौगुले वहिनींकडे निजायची.

शुक्रवारी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "तुमच्या घरात मीठ असलं तर द्या थोडं. वहिनींकडचं संपलंय."

"तुमच्या घरात काय? डबा कुठं असतो ते तुला ठाऊक नाही का?"

तिनं आत डोकावून बघितलं. परक्याच्या घरात डोकावावं तसं, जरा संकोचून. "नाही आठवत," ती म्हणाली. "उद्या दुपारच्या गाडीनं ताईकडं जाईन म्हणते. इथं बसून तरी काय करू?"

मी मीठ दिलं. बायकोला आपला मिठाचा डबा आठवेना म्हटल्यावर उद्यानंतर तिला काय आठवणार, हे मला नीट कळलं होतं. मी चौगुल्यांच्या मुलीला खिडकीतून हाक मारली आणि शिकलगार मिस्त्रींना निरोप धाडला.

शिकलगार मिस्त्री आमचे जुने फोरमन. शनिवारी सकाळी नऊला ते आले, हँडप्रेस, म्हणजे दांड्यानं दाबायचं यंत्र, सायकलच्या दांडीला अडकवून. त्यांच्यासाठी दार आपण होऊन समोर गेलं. त्यांनी चावीचे तुकडे हातात घेतले, अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"घासलेली हाय."

"हो."

"कुणी घासली?"

"मी."

"बरं," ते म्हणाले. एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एका शब्दात संपली.

आम्ही खांब उपसून भिंतीला टेकवला. घराला आता काहीच धरून नव्हतं, तरी ते गप्प राहिलं. मिस्त्रींनी कड्यावर हँडप्रेस मांडला आणि फडक्यातून ब्रोच काढला. ब्रोच म्हणजे हातभर लांबीची दातेरी पोलादी पट्टी. प्रत्येक दात मागच्यापेक्षा केसभर उंच. पहिला जेमतेम खरवडतो, शेवटचा पूर्ण माप देतो. आत शिरला की दुसऱ्या तोंडानंच बाहेर निघायचा, मागे ओढला तर दात जातात.

"एकच आणलाय," मिस्त्री म्हणाले. "आत मोडला तर कडं कायमचं बुजलं. मग घर फिरतंच ऱ्हाईल आन् मंदावहिनी भाईरच."

कड्यातून पडलेला ब्रोच खाली पोकळीत जाणार होता. मंदा बाहेरून वाकून तिथं जाऊन बसली होती, पण कड्यातून वर यायला तिचं डोकंही मावलं नसतं. मी भोकाला तोंड लावून म्हणालो, "मंदा, पोतं चौघडी करून भोकाखाली ठेव. तू बाजूला बस, वर बघू नकोस. मोडला तर तुकडा सरळ खाली येतो. आणि दातांना हात लावायचा नाही. ब्रशनं लोखंडाचा कीस झाड आणि ब्रोच खिडकीतून दे."

"गाडी दीडची आहे हं," खालून आवाज आला.

पहिल्या हाताला ब्रोच सरळ गेला. दात धरताच मिस्त्रींनी मला प्रेसचा दांडा क्षणभर सैल सोडायला लावला, म्हणजे तो आपला आपण उभा राहतो. मग तेल, मग सबंध दाब. खाली पोत्यावर धप् झालं. थोड्या वेळानं खिडकीत मंदाचा हात आला, ब्रोच पोत्यात गुंडाळलेला आणि दातांतला कीस न् कीस झाडलेला. खाच आणखी खोल जावी म्हणून ब्रोचच्या पाठीमागे पातळ पत्रा सरकवला आणि दुसरा हात मारला. तोही गेला.

"आता दोन पत्रे एकदम घालू का?" मी विचारलं. एक वाजला होता.

"मागल्या खेपेला बी घाईच हुती न्हवं?"

मी एकच घातला. ब्रोच अर्धा गेला आणि अडला. दांडा माझ्या छातीइतक्या उंचीवर थांबला. घर कण्हलं. बाहेर चौगुले वहिनी ओरडल्या, "मंदाताई, गाडी आली वो!" आणि खाली मंदा उठल्याचा आवाज झाला.

माझा हात दांडा वर घ्यायला निघाला. मिस्त्रींनी तो धरला.

"मागं न्हाई. हातोडा बी न्हाई. दाब सोड नुसता. तेल घाल. आता पट्टी बघ सरळ हाय का."

मी दाब सोडला. ब्रोच तसूभर कललेला होता, तो हळूहळू उभा झाला. मी तेल घातलं आणि भोकात तोंड घालून म्हणालो, "मंदा, खाच मी उथळ मारली होती. चावी घासून बसवली. तुला कधी सांगितलं नाही."

खाली पोतं पुन्हा सारखं केल्याचा आवाज आला.

"दाबा आता," ती म्हणाली. "मी बसलेय."

दाबला. दात एकेक करत कापत गेले, कुठंही न अडखळता, आणि खाली धप् झालं. मी तिथंच फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नंतर आणखी एक पत्रा, शेवटचा हात. खांब पुन्हा उतरवला. नवी चावी मिस्त्रींनी दोन टिचक्यांत बसवली. कानस कुणी काढली नाही.

मी दार उघडलं. मंदा पायऱ्यांशी होती. ती चालायला लागली आणि दार जागेवर राहिलं. ती आत आली, पदराला हात पुसले, फळीवरचा मिठाचा डबा न शोधता उचलला आणि हलवून बघितला.

"संपवलंत की सगळं," ती म्हणाली आणि चहाला आधण ठेवलं.

मिस्त्री आतच टेकले होते. मी दार लावायला गेलो. समोर चौगुल्यांचं घर, लिंब, विजेचा खांब, सगळं जिथल्या तिथं होतं. आमच्या घराचं थांबलेलं फिरणं आता त्यांच्यापलीकडे गेलं होतं आणि तिथला मोठा रस्ता उजवीकडून डावीकडे सरकत चालला होता. त्यावर दीडची एसटी अजून उभी होती, आणि कंडक्टर दारात लोंबकळून आमचा थांबा शोधत लांब जात होता.

"कोण आहे?" मंदानं आतून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो आणि कडी घातली.