चुईने जोडलेली गाडी

विश्वास कोणावर ठेवावा, सांगता का मला? विकणाऱ्यावर, मालाजवळच्या पाटीवर, की खुद्द मालावर? माल बिचारा मुका असतो. पण आज माल बोलतोय. मी एक शर्यतीची गाडी, कॅलिफोर्नियातली, वय एक्कावन्न.

माझा जन्म कारखान्यातला नव्हे. बेकर्सफील्डमधल्या एका पत्र्याच्या शेडमधला. सांगाडा भंगारातल्या फोर्डचा, खुर्ची मोडीत निघालेल्या विमानाची. महायुद्ध संपलेलं, भंगार मुबलक आणि पोरं उतावीळ! ऑर्व्हिल हॅस्केट मला पळवायचा, त्याचा दोस्त चुई बर्राझा मला जोडायचा. वेल्डिंग संपवताना चुई हात किंचित वळवी आणि सांध्याच्या टोकाला धातूची बारीक शेपटी उमटे.

"चुई, मांजर बनवतोयस का रे? शेपट्या कशाला?"

"तू उडून पडलास की धरायला!"

एका रविवारी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर मी ताशी एकशे एकोणतीस मैल धावले. वर्तमानपत्रात फोटो आला. ऑर्व्हिल ऐटीत बसलेला. चुई माझ्याखाली नट आवळत होता, त्याचे फक्त बूट दिसले.

पुढे ऑर्व्हिलने मला विकलं. अक्रोडाच्या बागेत ताडपत्रीखाली मी कित्येक वर्षं पडून होते. कोंबड्या माझ्यात अंडी घालत. तोवर दोघेही दोस्त वारले.

मग वेंडेल प्रुइटने मला घेतलं. माणूस हौशी, जीव लावणारा. पण या जुन्या गाडीवाल्यांचं एक वेड असतं: जुनी गाडी नव्याहून नवी दिसली पाहिजे. प्रदर्शनातले परीक्षक खडबडीत सांध्याचे गुण कापतात. म्हणून त्याने यंत्र लावून चुईच्या सगळ्या शेपट्या घासून काढल्या. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही माझी चकाकी आवडली.

मागच्या महिन्यात प्रदर्शनात एक वयस्क बाई आली. डेलिया, चुईची लेक. तिने पाटी वाचली: "ऑर्व्हिल हॅस्केट याने एकट्याने बनवलेली गाडी." मग वाकून माझ्या सांगाड्याखाली हात घातला.

"प्रुइटसाहेब, ही माझ्या बाबांनी जोडलीय. प्रत्येक सांध्याला डावीकडे वळलेली शेपटी असणार. आमच्या घरच्या फाटकावर अजून आहे. पाटीवर त्यांचं नाव घाला, दुसरं काही नको मला."

"हात फिरवलात ना बाई? लागली का कुठे?"

"नाही. पण तुम्ही घेतलीत तेव्हा होती का? एवढंच सांगा."

प्रुइटच्या मागे गिऱ्हाईक उभं होतं. पाटी वाचूनच आलेलं. प्रुइटने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नव्हती," तो म्हणाला.

डेलियाने रुमालाला हात पुसले. "बाबा म्हणायचे, गाडीवाल्यांचे कपडे मळके, पण जबान साफ. तुमचा शर्ट फार स्वच्छ आहे हो."

ती गेली. संध्याकाळी मी विकले गेले, पाटीसकट.

शर्यतीच्या गाडीला हॉर्नही नसतो, नाहीतर त्याच क्षणी ओरडले असते. आता नव्या मालकाच्या गॅरेजात उभी आहे. पाहुणे येतात, पाटी वाचून ऑर्व्हिलच्या हाताचं कौतुक करतात. तेव्हा मंडळी, तुम्हाला एक विनंती. कोणाच्या कामाचा हिशेब लिहायची पाळी आली, तर ज्याचं काम त्याच्याच नावावर मांडा. जिवंत माणूस येऊन भांडेल तरी. मेलेल्याच्या खात्यात तुम्ही लिहाल तेवढंच उरतं. हिशेब चोख ठेवा.