शिंगे मागाहून आली

मित्रांनो, आधी काय घाबरायचे ते घाबरून घ्या, म्हणजे पुढचे नीट ऐकता येईल. मी एक जुना लाकडी मुखवटा आहे, आणि तोही सैतानाचा. बदनामीत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे. पण माझी शिंगे जन्मजात नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो. मुखवट्याला छाती नसते, तरी सांगतो.

एका नाटक मंडळीसाठी सुताराने मला अखंड ओंडक्यातून कोरले. नाटक एका जुन्या धर्मकथेवरचे होते. त्या कथेतला सैतान म्हणजे देवाच्या दरबारातला एक नोकर. माणूस खरोखर चांगला आहे की नुसता आव आणतो, अशी शंका काढायची आणि देवासमोर आरोप मांडायचा, एवढेच त्याचे काम. म्हणून सुताराने मला अगदी साधा चेहरा दिला. रुंद कपाळ, किंचित उघडे ओठ. असे लोक कुठल्याही कचेरीत दिसतात.

हा सैतान प्रेक्षकांच्या पचनी पडेना. यातला दुष्ट कोण, असे मागच्या रांगेतले लोक मोठ्याने विचारू लागले. त्याच सुमारास दुसऱ्या नाटकातले बोकडाचे सोंग वाळवीने खाल्ले होते आणि त्याची शिंगे तेवढी शाबूत होती. ती माझ्या डोक्यात ठोकली. नाट्यगृहाची दारे रंगवून तांबडा रंग उरला होता, तो माझ्या गालांना लागला. पंखांचे काम एका फाटक्या छत्रीने भागवले. पुढे लोक शपथेवर सांगू लागले की सैतान असाच असतो, आमच्या आजोबांनी त्याला विहिरीपाशी पाहिला होता! मी पेटीत पडल्या पडल्या हे ऐकायचो आणि मला हसू आवरायचे नाही. नंतर एका मालकांना देखणा सैतान हवासा वाटला. माझी शिंगे केसांच्या टोपाखाली गेली, बारीक मिशी आली आणि प्रेक्षक माझ्यावर असे लट्टू झाले की देवाचे काम करणारा नट रुसून बसला.

इथवर सगळी गंमत होती. पण एक रंग मला अजून बोचतो.

पहिल्या खेळाआधी मला दरवर्षी नव्याने रंगवायची मंडळींची रीत आहे. एका वर्षी मालकांनी रंगाऱ्याला सांगितले की या वेळी सैतान ओळखीचा वाटला पाहिजे. गल्लीत नुकताच एक विणकर राहायला आला होता, त्याची दाढी तांबूस होती. रंगाऱ्याने ती हुबेहूब माझ्या हनुवटीवर उतरवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवसापासून विणकराच्या मुलांना येता-जाता दगड बसू लागले आणि आठवडाभरात त्या कुटुंबाने बिऱ्हाड हलवले. रंगाऱ्याची मुलगी शाळेत विणकराच्या मुलीशेजारी बसायची. ती कितीतरी दिवस रिकाम्या जागेवर आपले दप्तर ठेवत राहिली.

हीच मुलगी मोठी होऊन वडिलांच्या जागी रंगकाम करू लागली. सगळे तिला ताई म्हणतात. मालकांच्या जागीही आता त्यांचे चिरंजीव आहेत, आणि डोके तेच.

यंदा गल्लीत दोन-तीन घरे फुटली. चोर काही सापडला नाही. पण कोपऱ्यावर परगावाहून आलेला एक चावीवाला आहे, त्याची डावी भुवई भाजून पांढरी झालेली. कुलपे उघडता येतात म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवे? मालकांनी ताईला तशीच पांढरी भुवई माझ्या चेहऱ्यावर रंगवायला सांगितली आणि चावीवाल्याला पहिल्या रांगेतले पास पाठवले. तो बिचारा हरखून गेला. आमच्या पेटीची कडी बसवायला आला तेव्हा बायको-मुलीलाही आणतो म्हणाला. मला बघून म्हणाला, "काय राव, तुमच्या पेटीपेक्षा माझी हत्यारांची पेटी बरी. निदान उघडी असते." मला तो माणूस फार आवडला. त्याला ओरडून सांगावेसे वाटले की येऊ नकोस. पण उसन्या आवाजावर जगणारा मी, काय सांगणार?

ताईने मला घरी नेले. कुंचला बुडवला आणि तसाच खाली ठेवला. मग पत्र्याची धारदार पट्टी घेऊन ती मला खरवडू लागली. मिशी गेली, तांबडा रंग गेला. मध्येच ती तांबूस दाढी वर आली, तेव्हा तिचा हात थांबला. "बाबांनी केलं ते एकदाच पुरे," ती म्हणाली, आणि डोळे पुसून तिने अगदी लाकूड लागेपर्यंत खरवडले. शिंगे उपटून भोके भुशाने आणि सरसाने बुजवली.

खेळाच्या दिवशी मला पाहून मालकांचा पारा चढला. तिला कामावरून काढीन म्हणाले. पण सैतानाचे काम करणाऱ्या नटाने मला उचलून तोंडावर चढवले. "मालक, आता घंटा झाली," तो म्हणाला.

मी रंगमंचावर आलो. यंदाचा सैतान चावीवाल्यासारखा दिसणार ही कुजबुज आधीच पसरलेली होती, त्यामुळे साऱ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे चावीवाला मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. लोकांनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा त्याच्याकडे पाहिले. कशाशी काही जुळेना. हळूहळू माना सरळ झाल्या. तेव्हा नटाने जुन्या नाटकातले, शिंगांच्या हशात इतकी वर्षे बुडालेले वाक्य शांतपणे म्हटले.

"मी नुसता आरोप करतो. विश्वास ठेवायचं काम तुमचं."

कोणी हसले नाही. त्या दिवशी टाळ्याही जरा उशिरानेच आल्या. ताई पडद्याआड उभी होती. चावीवाला बायको-मुलीचा हात धरून नेहमीच्या रस्त्याने घरी गेला आणि त्यांच्यावर एकही दगड आला नाही.

ताईचे काम टिकेल की नाही, ठाऊक नाही. मी मात्र ठणठणीत आहे. मित्रांनो, मला हवे तसे रंगवा. दोनाची चार शिंगे लावा, शेपूट लावा, छत्री लावा, माझी काही तक्रार नाही. फक्त शेजाऱ्याची भुवई तेवढी माझ्याकडे आणू नका. ती त्याच्याच कपाळावर राहू द्या.