आम्ही म्हणजे कोण

मोठ्या बाईंची तक्रार एवढीच होती, की मुलगा घरात बोलायचं सोडून भाषण करायला लागला होता. मीठ मागायचं झालं तरी एक हात टेबलावर टेकून, मान वर करून, समोर दोनशे माणसं बसल्यासारखं मागायचा. सून निमूट मीठ पुढे सरकवायची आणि मोठ्या बाई म्हणायच्या, "टाळ्या पण वाजव गं, नाहीतर घास उतरायचा नाही त्याचा."

हे सगळं त्या पक्षापायी. परक्या देशात येऊन आयुष्य गेलं. नवऱ्यानं लाँड्रीच्या वाफेत उभं राहून हाडं झिजवली, मुलानं पुढे तीच लाँड्री विकत घेतली, दारात गाडी आली. इथवर बाईंना काही म्हणायचं नव्हतं. पण पोट भरलं की काही जणांना झोप येते आणि काही जणांना पुढारी व्हायची हुक्की येते. ह्याला हुक्की आली. बरं, पक्ष तरी कुठला धरावा? तर बाहेरून येणाऱ्यांना आता दार बंद, असं भिंतीभिंतीवर लिहीत सुटलेला. त्यांचं पोस्टर लाँड्रीच्या काचेवर मुलानं स्वतःच्या हातानं चिकटवलं. आत इस्त्रीला तीन बायका, तिघीही बाहेरून आलेल्या. त्या पोस्टरच्या पाठीमागे उभ्या राहून त्या दिवसभर पक्षाच्याच लोकांचे शर्ट कडक करत होत्या.

"तू काय इथं जमिनीतून उगवलास?" बाईंनी एकदा जेवताना विचारलं.

"आई, आपली गोष्ट वेगळी. आपण कष्ट करायला आलो."

"आणि बाकीचे काय लग्नाच्या वरातीला येतात?"

मुलानं यावर नेहमीचं हसू काढलं. ते हसूही नवीनच होतं, पक्षाच्या कचेरीतून शिकून आलेलं. मिशी तर त्यानं आधीच काढली होती, आणि त्या लोकांना उच्चारता यावं म्हणून नावही अर्धं करून घेतलं होतं. बापानं चारचौघांत ठेवलेलं नाव. ते पहिल्याच धुण्यात आटलेल्या सदऱ्यासारखं आखूड झालं. एवढं करूनही ते लोक त्याला खुर्ची द्यायचे ती शेवटच्या रांगेतली. बाई एकदा त्याच्याबरोबर सभेला गेल्या होत्या, तेव्हा डोळ्यांनी पाहून आल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी मागे वळून ह्याला हात हलवला, तर हा घरी येईपर्यंत त्या हाताचंच कौतुक सांगत होता.

बाईंचा जीव मात्र दुसरीकडे अडकला होता. त्यांच्या धाकट्या बहिणीची नात नर्सचं शिकून तयार होती. पोरीचे आईबाप लवकर गेले, पुढे तिला वाढवणारी आजीही गेली, आणि आता तिची चौकशी करणारं बाईंशिवाय कुणी उरलं नव्हतं. इथल्या एका दवाखान्यानं तिला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. फक्त 'ही आमच्या घरी राहील' असं इथल्या नातेवाइकानं महिनाअखेरच्या आत सही करून कळवायचं होतं. नाही कळवलं तर जागा दुसरीला.

बाई रोज विचारत आणि मुलगा रोज म्हणे, "बघतो."

"तुला वेळ नसेल तर मी करते सही."

"तुझी चालत नाही आई. कमावत्या माणसाची लागते."

बाई शाळेत गेल्या त्या जेमतेम सही करण्यापुरत्या. कायदेकानू मुलाला कळतात, असं त्या धरून चालत.

तेवढ्यात पक्षाच्या साहेबांनी मुलाला काम दिलं. तुमच्या भाषेची पंधराएक घरं आहेत ना, त्यांची मतं आणा, मग पुढच्या वेळी तुमचा विचार करू. झालं. रविवारी दुपारी बाईंच्या बैठकीच्या खोलीत लाँड्रीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, सुनेनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला, बिस्किटांचे पुडे फुटले. माणसं आली. कपडे उसवून-शिवून देणारा शेजारच्या गल्लीतला म्हातारा शिंपीही आला. बाईंच्या नवऱ्याचा तो जुना सोबती. बाईंना वहिनी म्हणायचा आणि मुलाला अजून बाळा.

मुलगा उभा राहिला. भाषण त्यानं इकडच्या भाषेत लिहिलं होतं आणि मग आपल्या भाषेत करून घेतलं होतं. आता इकडच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हीला मिळून एकच शब्द. समोरच्याला धरलं की वगळलं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. आपल्या भाषेत तसली सोय नाही.

"मंडळी," मुलगा म्हणाला, "आम्ही हा देश घाम गाळून उभा केला. येईल त्याला आम्ही किती दिवस पोसायचं? आम्ही आता दार लावायचं ठरवलं आहे, आणि त्यासाठी आम्हाला तुमची मतं हवी आहेत."

बिस्किट चावायचा आवाज तेवढा थांबला. कोणी कोणाकडे बघेना.

शिंप्यानं कप खाली ठेवला. "बाळा, एक विचारू का? आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे... आम्हीच, काका. सगळेच."

"मग आपण म्हण ना. तू आम्ही म्हणालास तर मी मागे वळून पाहिलं, कोणी साहेब येऊन उभे राहिलेत की काय."

खोलीभर हशा पिकला. मुलाचे कान लाल झाले. "शब्दाचं काय घेऊन बसलात काका, भाव समजून घ्या."

"भाव समजला म्हणून तर विचारलं."

लोकांना वाटलं, बिचाऱ्याची सवय मोडली, जीभ अडखळली. बाईंना तसं वाटलं नाही. ती जीभ त्यांनीच बोलती केली होती. लहानपणी खाऊ वाटून घ्यायचा असला की हा 'आपण खाऊ' म्हणायचा आणि एकट्यानं गट्ट करायचा असला की 'आम्ही खातो' म्हणायचा. कधी चुकला नव्हता.

भाषण तिथंच बसलं. लोक आपसात बोलायला लागले, आणि शिंप्यानं वहिनींची खुर्ची गाठली. "बहिणीची नात कधी येतेय? नर्स आहे ना ती?"

"सही अडली आहे. माझी चालत नाही म्हणे."

"कोण म्हणालं? मेव्हण्याच्या मुलाला आणलं तेव्हा आमच्या हिनं केली की. ती कुठं कमावते? इथलं नागरिकत्व आणि घरात झोपायला जागा, एवढंच बघतात."

शिंप्याचा आवाज मुळातच मोठा, शिवणयंत्राच्या वर चढवायची सवय. खोलीनं ऐकलं. बाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचत होता.

"खरं आहे का रे?"

"आई, नंतर बोलू."

सून हातात ट्रे घेऊन उभी होती. सासूचं आणि तिचं फारसं कधी जमलं नव्हतं. पण ती म्हणाली, "खरं आहे, आई. यांनी मला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं."

मुलानं तिच्याकडे पाहिलं, मग आईजवळ येऊन हळू आवाजात बोलू लागला. "वातावरण बघ ना जरा. पक्षाचे लोक काय म्हणतील? दार लावा म्हणून सांगतो आणि स्वतःच्याच घरात माणूस आणतो. निवडणूक होऊन जाऊ दे, मग मीच आणतो तिला."

"निवडणूक महिनाअखेरच्या आधी आहे का नंतर?"

"नंतर."

"म्हणजे पोरीची जागा गेल्यावर तू तिला आणणार."

बाईंनी सुनेला कपाटातला दवाखान्याचा कागद आणायला सांगितला. सुनेनं ट्रे शिंप्याच्या मांडीवर दिला आणि गेली. बाईंनी सगळ्यांच्या देखत, जीभ दाताखाली धरून, आपली वाकडी सही केली, आणि कागद सुनेकडेच परत दिला. "उद्या सकाळी तू स्वतः पोचव. ह्याच्या हातात देऊ नकोस." मग चष्मा काढून मुलाकडे वळल्या. तो लोकांकडे बघून तेच पक्षातलं हसू हसत होता.

"हसू नकोस, ऐक. आपण इथं आलो तेव्हा तुझ्या वडिलांच्या मावसभावाच्या घरी राहिलो. दोन खोल्यांत नऊ माणसं. तू अंघोळीच्या टबात गोधडी टाकून झोपायचास, आणि कुणाला अंघोळ करायची झाली की तुला उचलून जिन्यात ठेवायचे. त्या माणसानं वातावरण बघितलं नाही, आपल्याला आत घेतलं. पुढारी व्हायचंय तर खुशाल हो, मी आड येणार नाही. पण आईशी खोटं बोलून एका पोरक्या पोरीची वाट अडवलीस ना, त्यात तू माझ्या नजरेतून उतरलास, आणि निवडून आलास म्हणून परत चढणार नाहीस. पोर माझ्या खोलीत राहील. पक्षाला काही विचारायचं असेल तर साहेबांना माझ्याकडे पाठव. आता या खुर्च्या उचल."