तापलेल्या काचेची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना सौर पॅनेल आहे. आम्ही सहा भावंडं एका कोरड्या शहरातल्या गच्चीवर राहतो. कारखान्यात मला काचेत बसवलं, तेव्हा सगळे म्हणत, "जितकं ऊन जास्त, तितकी वीज जास्त." मी भोळा, तेच खरं धरून चाललो.

गच्चीखालच्या खोलीत शिवणकाम करणारी ताई राहते. सोबत तिचे सासरे, मामंजी. सुरुवातीला आमचं काय कौतुक झालं म्हणून सांगू! शिलाई मशीन, पंखा, मामंजींचं श्वासाचं यंत्र, सगळं आमच्यावर चाले. मग कौतुक ओसरलं. अंगावर धुळीचे थर चढले. माणसांनाच पाणी पुरेना, तिथे मला कोण आंघोळ घालणार?

यंदाच्या उन्हाळ्यात शहराची वीज गेली, ती तिसऱ्या दिवशीही येईना. ऊन नुसतं आग ओकत होतं. म्हटलं, आता दाखवतोच करामत! पण अंग जसजसं तापत गेलं, तसतशी माझी वीज घटत गेली. मला काही उमजेना. माझंच काही चुकतंय का? तेवढ्यात खाली मामंजींचं यंत्र इशाऱ्याची शिट्टी देऊ लागलं.

ताई घरातला पाण्याचा शेवटचा हंडा घेऊन धापा टाकत वर आली. शेजारच्या गच्चीवरून वायरमन ओरडला, "अहो ताई, थांबा! तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाईल!"

"मग करू तरी काय? एवढं ऊन पडलंय, आणि हा मेला वीज का देत नाही?"

"फार तापला की याचाही दम जातो. त्यात ही धूळ! शिवणाच्या मऊ चिंध्या आणा, कोरड्याच. पाणी मामंजींना पाजा."

वायरमनही आमच्या गच्चीवर आला. हात भाजत होते, तरी दोघांनी मिळून आम्हा सहाही जणांना पुसलं. हळूहळू वीज वाढली आणि शिट्टी थांबली. ताई तिथेच मटकन बसली आणि रडली. यंत्र नीट चालू लागल्यावर का रडायचं, तेही मला कळलं नाही.

पुढे एकदा वायरमन म्हणाला, "हे म्हातारे पॅनेल काढून नवे बसवू."

मामंजी म्हणाले, "नवे बसव की. पण यांनाही राहू दे. यांच्या सावलीखालचा कोपरा गार असतो, तिथेच मला झोप लागते."

सावली? ती माझ्या पाठीमागे पडते, मला कधी दिसलीच नव्हती! मग इतकी वर्षं मी नक्की काय देत होतो?

मित्रांनो, तुमच्या छपरावर आमच्यापैकी कुणी असेल, तर सकाळी काच गार असताना मोठ्यांना घेऊन एकदा वर या. एक कोरडं फडकं पुरे.