बेल वाजली की

आमच्या मोठ्या सिस्टर पडल्या. तेही त्यांच्याच जुन्या वॉर्डात, आणि कशामुळे, तर दुसऱ्याच पेशंटची बेल वाजली म्हणून. निवृत्त होऊन वर्षं लोटली, आता रक्तदाबासाठी स्वतःच कॉटवर, पण बेल ऐकली की पाय आपोआप जमिनीवर. नशीब, मुका मारच लागला.

त्यांची लेक मात्र हादरली. "आई, पुन्हा पडलीस तर सरळ माझ्याकडे. तुझ्या घराला कुलूप," तिने सांगून टाकलं. त्या घरात मोठ्या सिस्टर एकट्या राहतात, आपल्या मर्जीने उठतात, आपल्या मर्जीने भांडी आपटतात. ते सुटलं तर त्या खचतील, हे मला दिसत होतं.

दुपारी मी म्हाताऱ्या पेशंटना न पडण्याचे धडे देते. मोठ्या सिस्टर अर्थातच पहिल्या खुर्चीत.

"उठायची घाई करायची नाही. आधी कॉटच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडायचे, मग कठडा धरून..."

"डोकं गरगरायचं थांबू दे. आणि मागे पट्टा असलेली चप्पल. ती विसरलीस," त्यांनी टोकलं.

मला हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. मी नवीन होते, वेणी वर बांधायची विसरायचे, आणि त्या दारातूनच डोळे वटारायच्या. आम्ही पोरी चळाचळा कापायचो. "चहा गार झाला तरी चालेल, पेशंट ताटकळता कामा नये," हे रोजचंच. किती कप गार केले त्यांच्यापायी! आता ते दिवस आठवले की त्या गार चहाचीसुद्धा ओढ लागते.

धडा संपतोय तोच कोपऱ्यातली बेल वाजली आणि बाई उभ्या! चप्पल खुर्चीखालीच. झोक गेला, मी धावत जाऊन दंड धरला. माझं डोकंच फिरलं.

"दुसऱ्यांना तोंडपाठ सांगता आणि स्वतः? बसा खाली. ती बेल आता माझी आहे!"

मोठ्या सिस्टरवर आवाज चढवला मी! त्या लहान पोरीसारख्या गुपचूप बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी कप तोंडाला लावते न लावते तोच बेल. पाठोपाठ दुसरी. जाऊन बघते तर पहिली शेजारच्या कॉटवरच्या आजींची, पाण्यासाठी. दुसरी मोठ्या सिस्टरची. त्या कडेला बसलेल्या, पाय खाली, एका हाताने कठडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताचा अंगठा बेलवर.

"आधी तिला बघ. मी थांबते."

आजींना पाणी देऊन परत आले तर त्यांचे डोळे भरलेले.

"जन्मात पहिल्यांदा दाबली गं."

"शाब्बास. घरी दाराची बेल वाजली तरी असंच. आधी बसायचं, मग उठायचं. लेकीला मी सांगते, घराला कुलूप लावायची गरज नाही म्हणून."

त्यांनी मान डोलावली, पण लक्ष दुसरीकडेच होतं.

"वाट बघवत नाही गं. माझे पेशंट किती वेळ असे बसले असतील?"

मलाही रडू आलं. मी त्यांचा हात हातात घेतला.

"फार नाही बसले. तुम्हाला गरम चहा पिताना मी कधी बघितलंच नाही."