तिसरी पायरी

संस्कृतीने पुढची स्लाइड लावली आणि शेवटच्या बाकाकडे पाहायचं टाळलं. तिथे ऋषिराजचे वडील, मानसिंगतात्या, बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. सकाळच्या एसटीने ते अंथुर्ण्याहून बारामतीला आले होते. मुलाचा प्रकल्प ती आज वर्गासमोर मांडणार म्हटल्यावर फोनवर त्यांनी एवढंच विचारलं होतं, “मी आलो तर चालंल का?”

पडद्यावर दोन नावं होती. ऋषिराजच्या नावाआधी ‘कै.’ लिहायला तिचा हात धजला नव्हता. दीड महिन्यापूर्वी त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली, तेव्हा प्रकल्प अर्धाच झाला होता. डाळिंबाच्या पानावरचा रोग संगणकाला ओळखता यायचा, तर त्याला कमीत कमी किती फोटो दाखवावे लागतील, याची ती गणिती सिद्धता. बाकी सगळं संस्कृतीने लिहिलं होतं. तिसरी पायरी तेवढी ऋषिराजची.

आणि ती चुकली होती. त्याने मोबाइलवर पाठवलेलं पान आज सकाळी पुन्हा वाचताना तिला ते दिसलं. दुरुस्तीला वेळ नव्हता. पायरी गाळता आली असती. पण मग ऋषिराजचं त्यात काहीच उरलं नसतं. तिने ती तशीच ठेवली.

देवकाते सरांनी हात वर केला.

“थांब. या तिसऱ्या पायरीत प्रत्येक फोटो स्वतंत्र धरलाय. एकाच झाडाचे वीस-वीस फोटो स्वतंत्र कसे? ते तर एकमेकांसारखेच असणार.”

तिची नजर शेवटच्या बाकाकडे गेली.

“कुणी लिहिली ही?”

“मी, सर. माझी चूक झाली.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “मग पुढचं काहीच टिकत नाही. बस खाली.”

वर्ग मधल्या सुट्टीसाठी सुटला तेव्हा तात्या व्हरांड्यात थांबले होते.

“मला काय त्यातलं कळत न्हाय,” ते म्हणाले. “पर ती तिसरी पायरी तुजी व्हती?”

“हो, तात्या.”

तात्यांनी टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली.

“त्या दिवशी ताटावरनं उठला त्यो. म्हनला, तिसऱ्या पायरीत माझं चुकलंय, संस्कृतीला सांगाय पायजे. म्या म्हनलं, फोन कर. तर म्हनला, तिची सगळी मेहनत वाया जानार हाय, ते फोनवर कसं सांगू? समोर बसून सांगतो. आन् निघाला.”

संस्कृतीने कठड्याला हात टेकला. तात्यांनी वर्गाच्या दाराकडे पाहिलं.

“सर हायेत का आत?”

“आहेत.”

“मग जा. चूक त्याचीच व्हती म्हनावं. पर त्याला कळली व्हती. तेवढं लिवून घ्या म्हनावं.”

आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. संस्कृतीने डोळे पुसले आणि दार ढकललं.